माझ्याकडं बघून बोल

आमच्या घरात एकच नियम होता. आप्पांशी बोलताना तोंड फिरवायचं नाही. आईशी पाठ करून बोललं तरी चालायचं, शेजारणीला भिंतीपलीकडून हाक मारली तरी चालायची. आप्पांशी मात्र हातातलं काम थांबवून, समोर येऊन बोलायचं. कुणी विसरलं की ते म्हणायचे, "माझ्याकडं बघून बोल की." मी त्याला शिस्त समजत होते. मैत्रिणींच्या वडिलांचे दहा-दहा नियम होते, आमच्या वडिलांचा हा एवढाच, म्हणून मी स्वतःला नशीबवानच समजायचे.

आप्पा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात टॉवेलचे माग चालवतात. अक्कलकोटच्याही पलीकडच्या, कानडी मुलखातल्या एका गावातून ते इथे आले, मागावर उभे राहिले आणि अजून उभेच आहेत.

मी इथल्याच कॉलेजातून बी.एस्सी. झाले तेव्हा वर्तमानपत्रात सरकारी शिष्यवृत्तीची जाहिरात आली. ज्या कामाला जिल्ह्यात माणूसच मिळत नाही, ते काम सरकारी खर्चानं पुण्यात शिकायचं. माझ्या वाट्याला कान तपासणीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आला. अट एकच, शिकून झालं की तीन वर्षं आपल्याच जिल्ह्यात नोकरी. तसा बॉण्ड लिहून द्यायचा आणि त्यावर जामीनदार म्हणून वडिलांनी सही करायची. हुशार पोरं गावातच राहावीत म्हणून ही योजना, असं पत्रकात छापलं होतं. मला ते वाचून हसू आलं होतं. आमच्या वर्गातली हुशार पोरं निकाल लागायच्या आधीच पुण्याची तिकिटं काढून बसली होती.

सात रस्ता चौकाजवळच्या शिष्यवृत्तीच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. आप्पांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलापलीकडच्या साहेबांनी बॉण्ड उघडला, मान खाली घातली आणि पाचही पानं एका सुरात वाचून काढली. आप्पा खुर्चीच्या टोकावर बसून दर दोन वाक्यांनी मान हलवत होते. "व्हय साहेब. व्हय." साहेबांनी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. मी आतून उड्या मारत होते. पुण्याला जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तीन वर्षांचं तेव्हाचं तेव्हा बघू.

ते 'तेव्हा' फार लवकर आलं. दोन वर्षांनी बरोबरीच्या मुली बंगळूरला, दुबईला निघाल्या आणि मी दोन बॅगा घेऊन सोलापूरच्या एसटी स्टँडवर उतरले. भर मे महिना. आप्पा घ्यायला आले होते. माझ्या हातातली जड बॅग घेत त्यांनी विचारलं, "किती दिवसांची सुट्टी?"

मला वाटलं, चिडवताहेत. मी वाकून दुसरी बॅग उचलता उचलता फणकारले, "तीन वर्षांची!" त्यावर ते काहीच बोलले नाहीत. रिक्षात मी सगळा वेळ बाहेर बघत बसले.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला मला एक खोली मिळाली. तिच्यात आवाज आत येऊ नये म्हणून केलेली लाकडी कोठी, तिला एक काचेची खिडकी, आणि माझं मशीन. पेशंट कोठीत बसतो, कानाला हेडफोन लावतो आणि बारीकसा आवाज आला की बोट वर करतो. पहिलं वर्ष मी तोंड पाडूनच काढलं. घरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. आई एकदा म्हणाली, "जेलातली माणसं मारतात तशा फुल्या मारतीस." मी म्हटलं, मग काय वेगळं आहे? आप्पा समोरच भाकरी मोडत बसले होते. ते तसेच मोडत राहिले.

खोलीत म्हातारी माणसं यायची, शाळेनं पाठवलेली मुलं यायची. मागावरचं कुणीच यायचं नाही. ज्या शहरात एवढे माग दिवसभर खडखडतात तिथल्या विणकरांचे कान एवढे चांगले कसे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी स्वतः त्याच खडखडाटात वाढले होते, त्यामुळे तो माझ्या लेखी आवाजच नव्हता.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी कारखान्यांमध्ये जाऊन तपासणी करायला सांगितलं. ओळख होती म्हणून मी पहिल्यांदा आप्पांच्याच कारखान्यात गेले. लहानपणी डबा द्यायला मी तिथे शंभरदा गेले असेन, पण दारातूनच परतायचे. या वेळी आत गेले. आवाज इतका की छातीत धडधडावं. आणि त्या आवाजात माणसं निवांत गप्पा मारत होती! आप्पा त्यांच्या मागापाशी होते, चार माग सोडून त्यांचा एक मित्र होता, आणि दोघांची फक्त तोंडं हलत होती. आवाज काढायची गरजच नव्हती, काढला असता तरी पोचला नसता. मित्रानं काहीतरी चावट सांगितलं असावं, कारण आप्पा मान मागे टाकून हसले. मी उभी राहून कौतुकानं बघत राहिले. कसली कला आहे, असं वाटलं. तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. शिकलेल्या माणसाचं हे असं असतं.

मग जेवणाची सुट्टी झाली, माग थांबले. एकदम शांत. आप्पा नळाशी पाठमोरे हात धूत होते. मी दहा पावलांवरून हाक मारली, "आप्पा." त्यांनी वळून बघितलं नाही. मी मोठ्यानं हाक मारली. ते शांतपणे बोटांतला तेलाचा डाग चोळत राहिले. शेवटी त्या मित्रानं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि माझ्याकडे बोट केलं. आप्पा वळले, मला बघून हसले, आणि म्हणाले, "जेवतीस का?"

मला आमच्या घरातला नियम आठवला.

लाइट गेली की आप्पा गप्प व्हायचे, ते मला त्यांचा मूड वाटायचा. फोन ते नेहमी आईच्या हातात द्यायचे, तो मला संकोच वाटायचा. त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईवर भडकले. "तुला माहीत होतं?" ती शेंगा कुटत होती. तिनं वरही बघितलं नाही. "त्यात काय सांगायचं? मागावरच्या सगळ्यांचंच आसं हाय की." म्हणजे गल्लीतल्या साऱ्या बायका ओरडून बोलत होत्या, सारे बाप पोरांना समोर उभं करून बोलायला लावत होते, आणि हे दुखणं आहे असं एकालाही वाटलं नव्हतं. मलाही नाही. मी तर त्याच शिक्षणासाठी सरकारचा बॉण्ड लिहून दिला होता.

आप्पांना तपासणीला आणायला मला महिना लागला. आले तेव्हा तोच इस्त्रीचा शर्ट. कोठीत बसले, हेडफोन लावला, आणि मी बटण दाबलं की दर वेळी बरोबर बोट वर. अगदी बारीक आवाजालाही बोट वर! मी चक्रावले. मग लक्षात आलं, काचेतून त्यांची नजर माझ्या खांद्यावर होती. बटण दाबताना माझा खांदा किंचित हलत होता. नापास होऊ नये म्हणून माझा बाप माझ्याच पेपरात कॉपी करत होता. मी हसत सुटले. मग मशीन फिरवून घेतलं, त्यांना दिसणार नाही असं बसले, आणि पुन्हा बटणं दाबू लागले. आवाज वाढवला, आणखी वाढवला. हळूच वळून काचेतून बघितलं. ते बोट तयार ठेवून, डोळे बारीक करून, मन लावून वाट बघत होते. बोट वर आलं नाही. मी तिथेच रडले. त्यांना कळू नये म्हणून पाठ त्यांच्याकडेच ठेवली.

कानात यंत्र बसवल्यावर सोबत आलेली आई काहीतरी बोलली, तसे ते घाबरून मला म्हणाले, "ही एवढ्या जोरात बोलती?" मग स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकायला खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या. रस्त्यावर येताच कानावर हात ठेवून म्हणाले, "साकु, साकु!" म्हणजे पुरे. कानडी ते फक्त अगदी मनापासून वैतागल्यावर बोलतात. पण त्यांनी यंत्र काढलं नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी कारखान्यातले सहा जण घेऊन ते माझ्या दाराशी आले आणि बाकड्यावर बसून प्रत्येकाला आपला कान दाखवत राहिले. त्यानंतर बाकडं रिकामं राहिलं नाही. फुल्या मारायचं मी कधी सोडलं, ते मला सांगता यायचं नाही.

बॉण्ड संपायला दोन महिने उरले असताना पुण्याच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यातून फोन आला. चांगलं पद, थंडगार खोली, नवी मशीनं. पहिली दोन वर्षं मी ज्याची वाट बघितली तेच. मी आप्पांसमोर बसून, त्यांच्याकडे बघून सांगितलं. ते लगेच म्हणाले, "जा की."

मला रागच आला. "एवढ्या पटकन? मागच्या वेळीही असंच केलंत. तीन वर्षं बांधून घेतलं तरी व्हय साहेब, व्हय साहेब!"

आप्पांनी कानातलं यंत्र नीट सारलं. मग म्हणाले, "तवा मला कायबी ऐकू आलं न्हवतं, पोरी. साहेबानं मान खाली घातलीती."

"मग सही कशावर केलीत?"

"मला वाटलं, तुला न्यायचा कागद हाय. पुण्याला गेलेलं पोर माघारी येत न्हाय. गल्लीत कुणाचं आलंय? तू कायमचीच निघालीस आसं धरून चाललो. तुला स्टँडवरनं घरी आणल्यावर तुझी आई म्हणाली, तीन वर्सं हितंच ऱ्हाणार हाय. तवा कळलं."

"आणि तरी केलीत सही?"

"तुझ्या तोंडाकडं बघितलं की. लई खूश होतीस."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडला. स्टँडवर त्यांनी सुट्टी किती दिवसांची म्हणून विचारलं होतं, ते चिडवणं नव्हतं. दोन वर्षं ते मला कायमची गेलेली धरून होते. आणि मी परत येऊन, त्यांच्या डोळ्यांसमोर, रोज एक फुली मारत होते. मला माझी लाज वाटली. ती अजून वाटते.

बॉण्डमधून मोकळं केल्याचा कागद घ्यायला आम्ही दोघं पुन्हा सात रस्त्याच्या त्या ऑफिसात गेलो. तेच साहेब, केस तेवढे पांढरे. त्यांनी कागद उघडला आणि मान खाली घालून वाचायला लागले.

"साहेब," आप्पा म्हणाले, "मान वर करून वाचता का? यंत्र हाय, पर तोंड दिसल्याबिगर मला पुरतं कळत न्हाय."

साहेब ओशाळले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, एकेक ओळ, आप्पांकडे बघत वाचली. मुदत पूर्ण झाली आहे, उमेदवार आता कुठेही नोकरी करण्यास मोकळी आहे.

"म्हंजे सोडली," आप्पा म्हणाले आणि खुर्चीच्या पाठीला टेकले. जायला तयार झालेल्या माणसाला निरोप द्यायचा असतो तसा चेहरा त्यांनी करून ठेवला होता.

मी पर्समधून दुसरा अर्ज काढला. दवाखान्यातल्या त्याच खोलीत, त्याच जागेवर पुढे काम करण्याचा. पुण्याला नाही म्हणून मी आदल्या दिवशीच कळवलं होतं, घरी मात्र सांगितलं नव्हतं. साहेबांनी तोही मान वर करून वाचला. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. ते आवाज न काढता, मागावर बोलतात तसे, नुसतं तोंड हलवून बोलले, "माझ्यासाठी?"

मीही तशीच बोलले. "नाही." ते बघतच राहिले. त्यांच्या नजरेसमोर खोटं चालत नाही. मी बोटांच्या चिमटीनं दाखवलं, "थोडंसं." बाकीचं त्या बाकड्यावरच्या लोकांसाठी होतं आणि माझ्यासाठी होतं, ते मी घरी जाऊन बोलणार होते.

आप्पांनी खिशातलं पेन काढलं. "साहेब, माझी सई कुटं?"

"याला बॉण्ड नाही, जामीनदार लागत नाही," साहेब म्हणाले. "ह्या स्वतःच्या मर्जीनं राहताहेत."

"ते ऐकलं मी," आप्पा म्हणाले. पेनाचं टोपण त्यांनी तोवर काढलं होतं. "मागल्या टायमाला न ऐकता केलीती. ह्या टायमाला ऐकून करतो की."

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग अर्ज आप्पांपुढे सरकवला आणि अगदी तळाशी, जिथे काहीच छापलेलं नव्हतं, तिथे बोट ठेवलं.