शैलजाबाईंचा विसर्ग

शैलजाबाई गेल्याचा त्यांच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी देवगडच्या शाळेत आठवीला संस्कृत शिकवत होते. तास अर्धाच झाला होता... उरलेला मला घेता आला नाही.

मालवणात त्या आमच्या संस्कृतच्या बाई. विसर्ग शिकवताना त्या तोंडासमोर तळवा धरायला लावत. शब्द संपला तरी श्वास संपत नाही, तो हातावर येऊ दे, म्हणत. म्हणून रामः म्हणताना शेवटी ‘राम-ह’, हरिः म्हणताना ‘हरि-हि’. मागचा स्वर चार पावलं सोबत येतो. बहुतेकांचा विसर्ग गिळला जाई, नाहीतर ‘हा’ होऊन धपकन पडे. माझा नीट आला. कुठे शिकलीस, बाईंनी विचारलं. मी बिचकत सांगितलं, अरबी पाठ शिकवताना आजोबा शब्दाअखेरचा हलका ‘ह’ घोटून घेतात. बाई हसल्या आणि मला पुन्हा म्हणायला लावलं, सगळ्या वर्गासाठी.

नववीत चाचांनी अब्बांच्या मनात भरवलं की नसीमाला संस्कृत कशाला, त्याचा काय उपयोग. अब्बांचं सुक्या मासळीचं दुकान. बाई तिथे आल्या, बाकावर बसल्या, चाचांचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग अब्बांना म्हणाल्या, “तुमच्या चेडवाचो विसर्ग सगळ्या वर्गात बरो आसा. तो तिका माझ्याकडे नाय, तुमच्याच घरात गावलो.”

अब्बांनी हातातला तराजू खाली ठेवला. मग म्हणाले, “मगे शिकांदे तिका.”

त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं उभं आहे. एम.ए.ला असताना बाईंनीच मला जुन्या पोथीतल्या खुणा दाखवल्या. क-ख आणि प-फ यांच्या आधी विसर्गासाठी तिथे वेगळं चिन्ह होतं, एकाखाली एक, पाठीला पाठ लावलेली दोन अर्धवर्तुळं. ‘प’च्या आधीचा विसर्ग दिव्यावर फुंकर घालावी तसा ओठांवरून जातो, त्या म्हणाल्या, आणि स्वतःच फुंकर घालून हसल्या.

मालवणला पोचले, तर माजी विद्यार्थ्यांनी श्रद्धांजलीचा फलक छापायला दिलेला. दुकानातल्या संगणकावर ‘दु:खद निधन’ लिहिलं होतं, पण विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे ठिपके. मी दाखवलं तर दुकानदार म्हणाला, “ह्यां कोणाक कळतला?”

“बाईंका कळतला.”

तोही त्यांचाच विद्यार्थी. त्याने ते ठिपके पुसले आणि खरा विसर्ग शोधत बसला. सापडायला वेळ लागला.

आता मालवणच्या नाक्यावर कुणाच्याही निधनाचा फलक लागला, की माझी नजर आधी त्या शब्दावर जाते. त्या दुकानातला असला, तर ‘दुःखद’ बरोबर लिहिलेलं असतं.