लोकाटाचं जहर

आता काय सांगू माय तुमाला! जलमभर म्या दुसऱ्यांची फजिती केली, पण त्या दिशी माझ्याच नातीचं लगीन माझ्याच जिभेनं मोडाया निघालं व्हतं. हसू नका, आधी ऐका.

आमच्या धारूरकडं लोकाटाचं झाड कुणी बघितलंय? लेकानं रोप आणलं, म्या आंगणात लावलं, सा वर्सं पाणी घातलं. यंदा पयल्यांदा फळं लागली. पिवळीधमक, घोसच्या घोस! अन् गल्लीतल्या समद्या बायांची नजर तिथंच.

मंग? म्या फांदीला काळी बाहुली टांगली अन् शेजारच्या कौसाच्या कानात सांगितलं, "हात लावू नगस बाई, जहर हाय. एक खाल्लं की जीभ काळी, तीन खाल्ली की माणूस खलास!"

कौसाला सांगितलं म्हंजी दवंडीच पिटली की हो.

पंधरा दिसांनी माझ्या नातीला, चंदाला, बघाया बीडचे पाव्हणे आले. पोरगा बेस, नोकरीवाला. पण त्याची आजी हो म्हणंल तरच जमणार!

सूनबाईनं पोह्यांसंगं लोकाटं ठिवली. म्हातारीनं एक खाल्लं. दुसरं खाल्लं. "लई ग्वाड हाय," म्हणत तिसरं तोंडात टाकलं, अन् नेमकी मदतीला आलेली कौसा च्या घिऊन भाईर!

"अगं माय! तीन? थुका आजी, थुका! जहर हाय ते!"

कपबशा खाली. म्हातारी बोंबलली, "मला कावून मारू लागलात गं?" कुणी मिठाचं पाणी पाजलं, कुणी तिची जीभ बघितली. पोराचा बाप जीप काढाया धावला.

"आवं न्हाई हो! म्या खोटं सांगितलं व्हतं!"

कौसा म्हणती, "आक्का, तुमचं खरं कंचं धरावं? माझी म्हैस चोरीला गेली म्हणून सांगून मला भर उन्हात रानभर पळवलंत. म्हैस गोठ्यात!"

झालं! पाव्हणे माझ्याकडं असे बघू लागले, जशी काय म्या खुनीच.

मंग म्याच ताटली वढली अन् समद्यांम्होरं खाऊ लागले. एक, दोन, तीन... अकरा!

"बसा हितंच," पोराचा बाप म्हणला. "अर्धा घंटा बघू."

अर्धा घंटा! समदं घर माझ्या जिभेकडं टक लावून. चंदा दाराआड मुसमुसू लागली. खरं सांगू? मलाच वाटाया लागलं, खरंच जहर असलं तर? मनातल्या मनात कपिलधारच्या देवाला नारळ बोलले!

शेवटी पाव्हणी म्हातारी उठली. माझी हनुवटी धरली, म्हणली, "काढ जीभ." म्या काढली. लालभडक!

तवा कुठं ती बसली. पदरानं तोंड पुसलं अन् उरलेलं लोकाट उचलून चोखू लागली.

"पोरगी पसंत हाय," ती म्हणली.

म्या हात जोडले. डोळ्यांत पाणीच आलं हो!

तर म्हातारी लेकाकडं वळून म्हणती, "पण लगनात ह्या बाईला सैपाकाच्या मांडवात पाऊल ठिवू देऊ नगा. अन् जेवायला बसवा पयल्या पंगतीला. हिनं खाल्लं की अर्धा घंटा थांबायचं, मंग आपली मंडळी बसवायची!"