कापसाच्या रांगेत मेलेला प्रोफेसर

टीव्हीवरच्या सिरियलमधला एक धडधाकट प्रोफेसर मी मारून टाकला. कारण विचाराल, तर वांग्याची भाजी.

त्या वर्षी मी तालुक्याच्या गावी कापूस खरेदी केंद्रावर हंगामी बाबू होतो. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीतले. कापूस आम्ही पाहिलेला तो गादी-उशीतला. लांब धाग्याचा कोणता नि आखूड धाग्याचा कोणता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि मला कापसापासून दूर, रांगेवर नेमलं. सकाळी जायचं, नव्याने आलेल्या बैलगाड्यांना टोकन द्यायचं आणि कोणी मधे घुसला असेल तर त्याच्याकडे रागाने पाहायचं, एवढंच काम. रांग फाटकापासून निघायची ती पार नाल्याच्या पुलापलीकडे जायची. आज गाडी लावली तर वजनकाटा कधी दिसेल, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. कधी जागा नाही, कधी ग्रेडर नाही, आणि दोन्ही असले तर वरून हुकूम नाही. माणसं गाडीखालीच झोपत, तीन दगडांवर भात शिजवत. बैल तेवढे मजेत कडबा खात उभे असायचे.

तेव्हा आमच्या जिल्ह्याबद्दल बाहेर जे छापून यायचं ते सगळं रडवणारं. खोटं होतं असं नाही. पण चार दिवस रांगेत बसलेला माणूस चारही दिवस रडत नाही हो, तो कंटाळतो. आणि कंटाळलेल्या माणसांना काहीतरी सांगणारा लागतो. ती जागा रिकामी होती, मी घेतली.

दर गुरुवारी नि शुक्रवारी संध्याकाळी एक हिंदी सिरियल लागायची. टेकडीवरची ओसाड हवेली, तिचा तरुण वारस, दोन पिढ्यांपूर्वी मेलेली आणि तरी पांढऱ्या साडीत जिना उतरणारी एक बाई, आणि दर पाच मिनिटांनी आपोआप उघडणारी खिडकी. खेड्यांत नेमकं त्याच वेळी भारनियमन. लोक ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही लावून पाहायचे. पण रांगेत अडकल्यावर टीव्ही कुठला नि ट्रॅक्टर कुठला! माझं घर तहसीलच्या लायनीवर होतं, तिथली लाईट जात नसे. मग शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी टोकन देता देता मी आदल्या दिवशीचा भाग सांगू लागलो. पुढे पुढे तर टोकन बाजूलाच राहायचं.

अशा सिरियलमध्ये लोकांनी जीव कोणावर लावावा? हिरोवर. फार तर भुतावर. आमच्या रांगेने लावला तो प्रोफेसरवर. हवेलीतले जुने कागद नि पोथ्या लावून द्यायला आलेला हा साठीचा गृहस्थ. जाड चष्मा, खांद्याला झोळी, कोटाच्या खिशात फुटाणे. अख्ख्या भागात यायचा पाचच मिनिटं. पण किंकाळी ऐकू आली की हिरो दाराकडे पळायचा, हिरोईन हिरोकडे पळायची, आणि प्रोफेसर कपाटाकडे जायचा. नोकराला शिडीवर चढवून वरचं पुस्तक काढायला लावायचा, फुटाणे खात खात वाचायचा, आणि मग सांगायचा की ही बाई कोण आणि तिला पाहिजे काय.

"हिरो कायच्या कामाचा? निस्ता बोंबलते," बोरी अरबहून आलेले एक म्हातारबा म्हणायचे. "प्रोफेसरनं आजलोक एक तरी बोंब मारली काय?"

"मारन कशी? तोंडात फुटाने असते न!"

"भुताले सुदिक 'बाईसाहेब' म्हणते तो."

"आमच्या घरी जित्या बाईले नाई म्हणत कोनी," मागच्या गाडीवरून एक काकू बोलल्या, आणि त्यांचे यजमान बैलाच्या शिंगाला काय झालंय ते पाहायला गेले.

सगळ्यांत पक्के भक्त होते ते एका बंजारा तांड्याचे नाईक. तांड्याचे मुखिया म्हणून सगळी रांग त्यांना नाईकच म्हणायची. त्यांचं कौतुक जरा वेगळं. "तो पुस्तक वाचते ते ठीक हाये, बाबू. पन पयले सैपाकीन बाईले इचारते, का बाई, तुनं काय पाह्यलं? मंग पुस्तक उघडते. शिकलेला मानूस आमाले कंधी काही इचारते काय?"

मी घाईघाईने त्यांना टोकन दिलं. ते त्यांच्याकडे आधीच होतं.

नाईकांची मुलगी तालुक्यालाच वसतिगृहात राहून बारावीत शिकत होती. बाप रांगेत आहे म्हटल्यावर दुपारी आपला अर्धा डबा वाचवून आणायची. ही सिरियल तिने दिवाळीच्या सुट्टीत तांड्यावर पहिल्यापासून पाहिलेली, आणि तेव्हापासून तिने ठरवलं होतं की इतिहास घेऊन बी.ए. करायचं, मग एम.ए., मग त्या चष्मेवाल्यासारखं व्हायचं. इकडे फुलसावंगीकडून तिला स्थळ आलेलं. मुलगा बरा होता, लग्न उन्हाळ्यातच करू म्हणत होते. नाईकांनी त्यांना अजून लटकावून ठेवलं होतं ते केवळ प्रोफेसरच्या भरवशावर. "असा चष्मा लावून माही छोरी बसली पायजे, बाबू, आन् लोकायनं इचारत इचारत तिच्यापाशी यावं." हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी मान डोलावली होती आणि विसरून गेलो होतो.

तर तो गुरुवार. संक्रांतीचे दिवस. केंद्रावरच्या मंडळींनी दुपारी एका मळ्यात रोडग्यांचा बेत केला होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वर तुपाची धार आणि सोबत झणझणीत वांग्याची भाजी. मी किती खाल्लं ते मला आठवत नाही, वाढणाऱ्याला आठवत असेल. संध्याकाळी घरी आलो, टीव्ही लावला, खुर्चीत बसलो. हवेलीच्या तळघराचं बंद दार प्रोफेसर त्या दिवशी उघडणार होता. तो कंदील घेऊन निघाला. जाहिरात लागली. मी डोळे उघडले तेव्हा टीव्हीवर बातम्या होत्या आणि बायको समोर उभी.

"काय निघालं हो तळघरात?" तिने विचारलं.

"तूच सांग."

"मी हळदी-कुंकवाला गेले होते. तुमचं घोरणं तिथवर येत होतं."

शुक्रवारी सकाळी रांगेवर गेलो तर माणसं आधीच जमलेली. मला बसायला कोणीतरी कापसाचं गाठोडं मांडलेलं. विडी विझवून लोक तोंडाकडे पाहताहेत. अशा वेळी 'मला झोप लागली' असं म्हणणारा माणूस थोर असतो. मी टोकनवाला होतो.

सुरुवात सावध केली. कंदील, जिना, कुलूप, पालीची चुकचुक. कुलूप निघालं. दार करकरलं. आणि इथे माझी पंचाईत झाली. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. प्रोफेसर आत गेला असता तर मला ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी त्याला दारातूनच परत फिरवलं, वर लायब्ररीत पाठवलं, शिडीवर चढवलं आणि अख्खं कपाट त्याच्या अंगावर पाडलं. छातीवर पोथ्या, बाजूला फुटका चष्मा, हातात शेवटचा फुटाणा. माझं सांगणं इतकं रंगलं की माझाच आवाज भरून आला.

म्हातारबांनी टोपी काढली. काकूंनी डोळ्याला पदर लावला.

"त्याचा दहावा करतीन का?" म्हातारबांनी विचारलं.

"टीव्हीत दहावा नाही दाखवत."

"मंग मोक्ष कसा भेटन? आता हाबी भूत होते पाहा."

दुपारी नाईकांची मुलगी डबा घेऊन आली. बापाने तिला बातमी सांगितली. ती सरळ माझ्याकडे वळली.

"शिडीवरून पडले? ते शिडीवर चढतच नाहीत, काका. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून तर नोकराला चढवतात."

सगळी रांग माझ्याकडे पाहायला लागली. मी एक श्वास घेतला.

"म्हणूनच तर पडले," मी म्हणालो.

"बराबर हाये!" रांग म्हणाली. मी जिंकलो होतो, आणि जिंकल्याचा आनंद मला अर्धं मिनिट पुरला. कारण नाईक बोलायला लागले.

"पाह्यलं, छोरी? एवढा शिकला, कोन आलं कामी? ज्या पुस्तकायसाठी जलमभर झिजला त्याच्याखालीच दबून गेला." मग माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात, "उद्या माहा काटा झाला का तसाच फुलसावंगीले जातो, बाबू. हो म्हनून टाकतो त्यायले."

मुलगी डब्याचं झाकण लावत होती, ते बसत नव्हतं. तेव्हा मी तोंड उघडलं होतं, खरंच सांगतो. पण तेवढ्यात मागून काकूंनी विचारलं, "बाबू, तो फुटाना हातात होता का तोंडात?" आणि मी म्हणालो, "हातात."

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही आणि सिरियल उभ्याने पाहिली. पहिल्याच दृश्यात प्रोफेसर! तळघरात मोडक्या खुर्चीवर ठाकठीक बसलेला, आणि समोरच्या पांढऱ्या साडीला फुटाणे घ्या म्हणून आग्रह करत होता.

"हा तर जिवंत आहे," बायको म्हणाली. "मेला होता ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"पिठाच्या गिरणीवर बायका हळहळत होत्या. म्हणे, तुमच्याच साहेबांनी पाहिलं."

शनिवारी सकाळी सायकल हाणत केंद्रावर पोचलो. नाईकांची गाडी काट्यावरून उतरली होती, ते बैलांना पाणी दाखवत होते. अंगावर धुतलेलं धोतर, खांद्यावर जायची पिशवी. मुलगी कॉलेजला जाण्याआधी बापाला भेटायला आलेली, पण पाठ करून उभी होती. मागे सगळी रांग बसलेली होतीच. खरं बोलायचं असं मी रस्ताभर घोकलं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"नाईक, प्रोफेसर मेला नाही! ते सगळं हिरोचं स्वप्न होतं. काल दाखवलं."

नाईकांचा चेहरा उजळला. म्हातारबांनी हात जोडले. आणि इथे गोष्ट संपलीही असती. पण फाटकापाशी कापसाच्या गाठी भरायला आलेला वणीचा एक ट्रक उभा होता, आणि त्याचा ड्रायव्हर केबिनमध्ये दात घासत होता.

"कोन्तं सपन हो?" तो वरून ओरडला. "गुरुवारी वणीत म्या अख्खं पाह्यलं न. शिडी नाई, कपाट नाई, सपन नाई. प्रोफेसर पायरी-पायरीनं तळघरात उतरला, बस. तुमच्या घरी अलग लागते काय?"

रांगेतल्या विड्या तोंडाकडे जाता जाता हातातच राहिल्या. घाबरलो की माझी भाषा आपोआप रांगेची होते.

"मले झोप लागलती," मी म्हणालो. "रोडगे खाल्लते."

मग जे सुरू झालं ते सुरूच राहिलं.

"म्हंजे आमी फुकट टोपी काढली?"

"माहे डोये सुजले न रडू रडू!"

"झोपले तं झोपले म्हना न, बाबू. चांगला मानूस कायले मारता?"

"गुडघ्यांचं मी कालच सांगितलं होतं," मुलगी म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

नाईक मात्र रागावले नाहीत. बैलाची वेसण हातात धरून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मालाची प्रत ठरवताना आमचा ग्रेडर पाहायचा तसं.

"बाबू, तुमचं शिक्षन किती?"

"बी.ए."

"पुरं?"

"शेवटच्या वर्षाला एक विषय राहिला."

"कोन्ता?"

"इतिहास."

"हां." त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून गाडीत टाकली. "जाय, छोरी, कॉलेजले जाय, टाइम होऊन राह्यला. फुलसावंगीले काही जात नाई मी." ती निघाल्यावर ते माझ्याकडे वळले आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिले पुरंच शिकवतो, बाबू. अर्ध्यात सोडलेल्या मानसाचं काय होते, ते आता समद्यायनं पाह्यलं."