आठ दहाची शेवटची बस

अमेरिकेत दोन गोष्टी आपोआप साठतात, दह्याचे रिकामे डबे आणि मीटिंगांचे किस्से. डबे बायकोने गेल्या महिन्यात टाकून दिले. किस्से राहिले, आणि सगळं निभावलंय म्हणून आता सांगायलाही मजा येते.

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात भारतीय दुकानांच्या रस्त्यावरची रात्री आठ दहाची शेवटची बस बंद करायचं टाउनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने काढलं. त्यासाठी कमिटी झाली. टाउनशिप, दुकानदार, दुकानांत काम करणारे आणि आम्ही राहणारे. मराठी मंडळाने मला पाठवलं, कारण नाव ठरलं त्या दिवशी मी एकटाच गैरहजर होतो!

*

कामगारांतर्फे सुलभा मावशी. पोळी-भाजी सेंटरमध्ये दिवसभर पोळ्या लाटायच्या. गाडी नाही, ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तीनदा नापास. बस गेली की नोकरी गेली, इतकं सरळ. तरी पहिल्या मीटिंगला पोळ्यांचा डबा घेऊन आल्या, आणि पहिली पोळी वाढली टाउनशिपच्या कॅरलबाईंना. मी नंतर चिडलो. मावशी म्हणाल्या, "अरे, ऑफिसातून थेट आलीय ती. उपाशी माणसाशी काय बोलायचं?"

*

दुकानदारांचे पुढारी जयंतीभाई, साडीवाले. बसचा थांबा बरोब्बर त्यांच्या दारात, म्हणून गिऱ्हाइकांना पार्किंग नाही. माणूस वाईट नव्हता हो, सगळ्यांसाठी घरून मसाला चहा आणायचा.

माझ्या सोबतीला मंडळाने देशपांडे काका दिले होते. रिटायर्ड, फार सज्जन. कॅरलबाईंनी विचारलं, बस कोणाकोणाला हवी? काकांनी हात वर केला. कोणाला नको? काकांचा हात पुन्हा वर. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "दोन कप चहा प्यायलो रे त्यांचा. बरं दिसलं नसतं."

*

टाउनशिपचा माणूस बसमध्ये प्रवासी मोजायला बसला. एकही चढला नाही, तसा रिपोर्ट गेला. आला होता सोमवारी. सोमवारी आमच्या दुकानांची अख्खी लाइन बंद असते! हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटलं दुकानदार सांगतील, दुकानदारांना वाटलं त्याला दिसेलच. पुन्हा मोजा म्हटलं तर बजेट नाही. त्या आठवड्यात मावशी दुसरं काम शोधायला लागल्या, आणि मला फार वाईट वाटलं.

*

शेवटची मीटिंग बुधवारी होती. हॉल भरलेला, पण अर्ध्या लोकांचे मालक समोर बसलेले. कॅरलबाईंनी विचारलं, ही बस कोण वापरतं? एक हात वर होईना. मावशी उठून दोन वाक्यं बोलल्या आणि खाली बसल्या. जयंतीभाई म्हणाले, आजकाल सगळ्यांकडे गाड्या आहेत. मी मनात म्हटलं, संपलं.

चर्चा लांबली. आठ वाजून पाच मिनिटांनी मावशींनी घड्याळ पाहिलं, पिशवी उचलली, कॅरलबाईंना "सॉरी हां" म्हणाल्या आणि निघाल्या. त्यांच्यामागे मिठाईवाल्याकडचे दोघं उठले. मग शिलाईवाल्या बायका. मग मागची अख्खी रांग. शेवटी काठी टेकत जयंतीभाईंचे वडील उठले!

कॅरलबाईंनी फाइल मिटली, कोट घातला आणि सगळ्यांच्या मागून बसमध्ये चढल्या. मीही चढलो. बाईंना बसायला जागा मिळाली नाही. दांडा धरून उभ्या उभ्या त्यांनी मावशींना विचारलं, रोज एवढी गर्दी असते? मी मराठीत सांगितलं.

मावशी म्हणाल्या, "छे, आज काय आहे? शनिवारी या म्हणावं."