शिडीवरून पडणारा विठ्ठल

कमालमामूंचं आखातात, नईम भागात व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं, तेव्हा हाँगकाँगचे विनोदी सिनेमे मूळ कॅंटोनीजमध्येच यायचे. भाषा कुणालाच कळत नसे. म्हणून शुक्रवारी जेवणं झाली की गावाकडची माणसं दुकानामागच्या खोलीत जमत आणि मामू टीव्हीशेजारी उभे राहून सगळ्या पात्रांचे संवाद मराठीत, मनाला येतील तसे बोलत. नायक रत्नागिरीचा होई, सासरा खडूस मुकादम. आणि सतत घसरणाऱ्या, आपटणाऱ्या वेंधळ्याला ते विठ्ठल म्हणत, कारण समोर विठ्ठल बसलेला असे. मामूंच्याच गावचा, शिडीवर चढून इमारती रंगवणारा रंगारी. सगळ्यांत मोठ्याने हसायचाही तोच.

दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली. मामू आता मुहर्रकला लेकीकडे राहतात. गेल्या महिन्यात मी त्यांना लॅपटॉपवर एक नवा सिनेमा लावून दिला. त्या जुन्या विनोदपटांच्या आठवणीत काढलेला, तीच पळापळ, तीच आदळआपट. पाच मिनिटांत मामू म्हणाले, "थांबव. विठ्ठलला बोलावू. गुरुवारी तो कायमचा गावी चाललाय. माफी मागायची राहिलीय माझी."

दुकान होतं तेव्हा लोक पत्राऐवजी आवाज टेप करून सुट्टीवर जाणाऱ्याबरोबर घरी धाडत. मामूंनी एका शुक्रवारचा अख्खा खेळ टेप केला आणि गंमत म्हणून गावी पाठवला. काही महिन्यांनी विठ्ठल यायचा बंद झाला. गावभर थट्टा झाली म्हणून रागावला असेल, असं मामू धरून चालले. विचारलं कधीच नाही.

विठ्ठलकाका हिद्दहून आले, चहा घेऊन बसले. पडद्यावर एक माणूस शिडी चढला आणि घसरला. विठ्ठलकाका मामूंकडे वळले.

"बोला की कमालभाई. दातखीळ बसली काय?"

"आजपासून पडणाऱ्याचं नाव कमाल," मामू म्हणाले. "ती टेप पाठवायला नको होती, विठ्ठल. गाव हसलं तुला."

"गावाचं काय, गाव हसतंच." काका पडद्याकडे बघत राहिले. "पण आमच्या हिने, रत्नाने ऐकली ना. तिला चित्र कुठे दिसत होतं? विठ्ठल पाच वेळा पडला आणि सगळे हसले, एवढंच ऐकू आलं. सिनेमा आहे म्हणून किती समजावलं. म्हणाली, माझ्यापासून लपवताय. दर सुट्टीला बॅग खाली ठेवायच्या आत पाठ चाचपून बघायची."

मामूंचा चहा तसाच राहिला. "मला का नाही सांगितलंस? मी स्वतः जाऊन तिला सांगितलं असतं."

"बायको रडते हे त्या खोलीत कुणाला सांगणार? म्हणून यायचंच सोडलं. तुम्ही विचारलं असतं, तर सांगितलं असतं."

रत्नाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती.

"शेवटी तरी पटलं का तिला?" मामूंनी विचारलं.

"नाही. तापात बडबडायची तेव्हाही तेच. आधी शिडीवरून उतरा म्हणायची."

मामूंनी लॅपटॉप मिटला. सिनेमा अर्ध्यावरच राहिला. काका आणखी थोडा वेळ बसले आणि सामान बांधायचंय म्हणून उठले.