जाधव गुरुजींची घरची भाषा

शाळा सुटली की मी आणि माझे सहशिक्षक जाधव गुरुजी दौंडच्या फलाटावर चहाला जायचो. तिथे ते चहावाल्याशी हिंदीत, गँगमनशी तेलुगूत आणि गार्डशी मोडक्या इंग्रजीत बोलत. मग माझ्याकडे वळून हमखास म्हणत, “सगळ्यांची भाषा येती बघा. फकस्त माझी बोलायला शिरूर गाठावं लागतं.”

शिरूरबाहेर त्यांची वस्ती होती, टोपल्या विणणाऱ्या कैकाडी लोकांची. तिथली पोरं पहिलीत गप्प बसत आणि दुसरी न बघताच घरी परतत. “मी बी वर्षभर मुका होतो,” गुरुजी सांगत. “घरी मातुर आईचं डोकं खायचो.”

पहिलीचा वर्ग घरच्या भाषेत चालावा, एवढाच त्यांचा हट्ट. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत त्यांनी पुण्याला शिक्षण खात्यात इतके खेटे घातले की अखेर एक साहेब वस्ती पाहायला आले. गुरुजींसोबत मीही गेलो.

साहेबांनी आधी मातृभाषेच्या थोरवीवर भाषण केलं. ते संस्कृतच्या इतकं जवळ होतं की टाळ्या कुठे वाजवायच्या हे हार आणणाऱ्यांनाच ठरवावं लागलं. मग त्यांनी विचारलं, “तुमची वेगळी भाषा आहे म्हणे?”

गुरुजींचे चुलते हात जोडून उठले. “न्हाई साहेब. आमी मराठीच बोलतो.”

“आबा!” गुरुजी ओरडले आणि आईकडे वळले. “आये, तू तरी सांग.”

थोड्याच वेळापूर्वी शेळीला घरच्याच भाषेत शिव्या घालणारी म्हातारी पदर सावरत म्हणाली, “मराठीच की. दुसरी कुठली?”

साहेबांचा चेहरा उजळला. एक नवा वर्ग काढायचा टळला होता. गळ्यातल्या हारासकट ते जीपमध्ये बसले.

“खोटं का बोललीस?” गुरुजींनी आईला विचारलं.

“पोलीस दारात आला की येकमेकांशी बोलाया आपल्याला तेवढाच आडोसा हाय,” म्हातारी म्हणाली. “त्यो बी सायबाच्या पुस्तकात घालाया निगालास? आन् आमाला इचारलंस कवा?”

ती मुलाशी मराठीत बोलली. मला कळावं म्हणून, असं मला तेव्हा वाटलं.

पुढे गुरुजी निवृत्त झाले. त्या दिवशी फलाटावर हिंदी झाली, तेलुगू झाली. मी म्हणालो, “आता शिरूरला रोज तुमचीच भाषा.”

“कुनासंगं?” त्यांनी कप खाली ठेवला. “सायब आला त्या दिसापासनं समदी माझ्याशी मराठीच बोलत्यात. आईनं शेवटचं पाणी मागितलं, ते बी मराठीतच.”