पंख्याची बॅटरी

आमचं बिऱ्हाड ट्रकवर होतं. ट्रकच्या पाठीवर पत्र्याची खोली ठोकलेली, तिच्यात एक स्टोव्ह, दोन बाजा, सिनेमाच्या रिळांच्या पेट्या आणि आम्ही तिघं. मी, माझा नवरा आणि माझे सासरे. आणीबाणीच्या आधीची ती वर्षं. आमचा फिरता तंबू-सिनेमा बाजाराच्या गावी उतरायचा, आठ-पंधरा दिवस खेळ करायचा आणि पुढे निघायचा. लोकांना वाटे, काय मजेचं आयुष्य आहे यांचं. उन्हाळ्यात भर दुपारी त्या पत्र्याखाली येऊन बसा म्हणावं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. हा सिनेमा त्यांनीच उभा केलेला, पण आता दम्यानं त्यांना बाजेला बांधून टाकलं होतं. वारा अंगावर असला की त्यांचा श्वास बरा चाले. म्हणून माझ्या नवऱ्यानं भंगारातून एसटीच्या ड्रायव्हरपुढे असतो तसला छोटा पंखा आणला आणि त्यासाठी वेगळी बॅटरी घेतली. ती मामाजींच्या उशाशी लाकडी खोक्यात असे. संध्याकाळी खेळासाठी जनरेटर सुरू झाला की चार्जर लावून ती भरायची आणि दिवसभर तिच्यावर पंखा चालवायचा.

त्या उन्हाळ्यात बॅटरीनं दगा दिला. आधी दुपारपर्यंत चाले, मग जेवणाच्या आतच पाती रेंगाळायला लागली. मामाजी उठून बसत, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं.

"काहून थांबला वं तो?" ते मला विचारत, जणू पंखा म्हणजे अडून बसलेला बैल.

मी सिनेमाच्या जुन्या पोस्टरची घडी करून वारा घालत बसायची. माझा हात दुखायचा आणि त्याहून जास्त जीव दुखायचा, कारण मी थांबले की त्यांची छाती वाजे.

नवऱ्याचा संशय चार्जरवर. त्यानं चिमटे घासले, वायरी बदलल्या. मग इंजिनाची बॅटरी काढून त्याच चार्जरवर लावली, तर ती छान भरली. पंखा तिच्यावर लावून पाहिला, तर दिवसभर फिरला. म्हणजे चार्जर चांगला, पंखाही चांगला. पण इंजिनाची बॅटरी रोज पंख्याला दिली असती तर ट्रक जागचा हलला नसता.

"तिले पुरी भरा अन् काहीच जोडू नका," मी म्हटलं. "पाहू काय होते ते."

तसं केलं. दुसऱ्या दिवशी बल्ब लावला तर नुसती तांबूस तार दिसली. जणू जेवायला कोणी बसलंच नव्हतं आणि ताट रिकामं झालं होतं. म्हणजे खोट बॅटरीच्या पोटात होती. पण गेल्याच वर्षी घेतलेली बॅटरी, तिला एवढ्यात काय झालं हे आम्हाला कळेना.

कळलं ते केनवडला. आमच्यात रीत अशी, की नव्या गावात पहिल्या खेळाआधी सिनेमाच्या मशीनपुढे नारळ फोडायचा. तो मान मामाजींचा. कसेबसे खाली उतरून त्यांनी नारळ फोडला, पाणी वाटीत धरलं आणि आत गेले. थोड्या वेळानं मी चहा घेऊन गेले तर ते खोक्याशी वाकले होते. बॅटरीची सहाही बुचं काढून रुमालावर ओळीनं मांडलेली, आणि वाटीतलं नारळाचं पाणी एकेका भोकात सोडणं चाललेलं.

"मामाजी, काय करून राह्यले?"

"पाणी पाजतो तिले. पोरगं म्हणते, शुद्धच पाणी लागते. वाशीमहून आणलेली बॅटरीच्या पाण्याची बाटली तर कवाची सरली. मंग ह्याच्याहून शुद्ध पाणी कोणतं हाय? मानसाचा हात बी लागत नाई याले."

विचारात त्यांच्या काय चूक काढणार? पण बॅटरीला लागतं ते ज्यात काहीच नाही असं पाणी, आणि नारळाच्या पाण्यात खार असतो, साखर असते. गावोगाव त्यांनी ते मायेनं पाजलं होतं. मला रडू आलं.

नवरा मागून आला. "बाबा, तुमीच मारली ना ती बॅटरी," एवढं त्याच्या तोंडून निसटलं.

मामाजींनी बुचं परत लावली, एकेक पिळून घट्ट केली. "मंजे माहा पंखा मीच बंद करून राह्यलो होतो," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दिवशी त्यांनी मला पोस्टरनं वाराही घालू दिला नाही. असं मन मोडलेलं मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

वाशीमला बॅटरीवाल्यानं सगळं ॲसिड ओतून टाकलं, आतून धुतली, नवीन ॲसिड भरलं, सावकाश चार्ज केली. टिकली तर टिकली, म्हणाला.

पुढच्या गावी, किन्हीराजाला, मामाजींनी नारळ माझ्या हातात ठेवला. आमच्याकडे बाया नारळ फोडत नाहीत. मी नवऱ्याकडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहत होता.

"फोड माय. बॅटरीतली खोट तुलेच समजली."

माझ्यानं नीट फुटला नाही, अर्धं पाणी मातीत गेलं. उरलेलं मामाजींनी वाटीत घेतलं, एका दमात प्यायले आणि वाटी मला उपडी करून दाखवली. "घे, काही उरलं नाई आता." आम्ही तिघंही हसलो. ते हसणं त्यांना खोकल्यापर्यंत घेऊन गेलं.

छाती मात्र त्या दिवसांत फार बिघडली होती. डॉक्टर म्हणाले, आता नुसत्या वाऱ्याचं काम नाही. आसेगावला तंबू उभा राहिला त्या दुपारी मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पंखा तोंडावर होता. श्वास लांब लांब होत गेला आणि मग आला नाही.

"पंखा बंद कर," नवरा म्हणाला. मी बटणापर्यंत हात नेला आणि परत घेतला. त्यांच्या कपाळावरचे केस हलत होते. गावातली माणसं गोळा झाली, बांबू आले, कोणी बाज बाहेर काढायला सांगितली. ऊन उतरून त्यांना न्यायची वेळ झाली तरी रिकाम्या खोलीत पाती तशीच जोरात फिरत होती. बॅटरी दुरुस्त झाली होती.